लिथॉप्सला वार पाहून पाणी घालू नका

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत दिवाळीच्या भेटीसाठी छोट्या रोपांची यादी आली होती. तिच्यात ‘जिवंत दगड’ म्हणून लिथॉप्सचे छायाचित्र होते आणि खाली तीन सूचना होत्या: आठवड्यातून एकदा पाणी, सावलीतही चालते, काचेच्या वाडग्यात शोभून दिसते. तिसरी सूचना खरी आहे. शोभून दिसते, फक्त महिना-दीड महिना. पहिल्या दोन पाळल्या तर पुढची दिवाळी पाहणारे रोप विरळाच. हे रोप नाजूक आहे असा समज त्यातूनच पसरतो. प्रत्यक्षात लिथॉप्स नीट ठेवले तर दहा-वीस वर्षे सहज जगते. त्याचे वर्ष आपल्या पंचांगाशी जुळत नाही, एवढीच अडचण आहे.

मूळ मुलूख दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाचे कोरडे, खडकाळ माळ. विल्यम बर्चेल या प्रवाशाने १८११ मध्ये प्रिस्का गावाजवळ वेगळ्या आकाराचा खडा म्हणून जे उचलले, ते रोप निघाले. लिथॉप्स हे नाव मात्र १९२२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एन. ई. ब्राऊन यांनी दिले. आपल्याला दिसते ते दोन जाड पाने जोडून झालेले एकच शरीर असते. मधली फट ही त्या दोन पानांची सीमा. खोड जवळजवळ नाहीच, खाली सोटमूळ आणि त्याला बारीक तंतुमुळे. रानात बहुतेक शरीर जमिनीत असते आणि फक्त माथा वर दिसतो. माथ्यावरच्या गडद, अर्धपारदर्शक भागातून ऊन आत शिरते आणि पानाच्या आतल्या भिंतीवरच्या हिरव्या थरावर पडते.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रत्येक शरीराला वर्षाकाठी पानांची एकच नवी जोडी येते. फुलोरा आटोपला की, म्हणजे आपल्याकडे साधारण डिसेंबरपासून, जुन्या जोडीच्या पोटात नवी जोडी तयार होऊ लागते, जुनीशी काटकोनात. तिला लागणारे पाणी जुन्या पानांतून येते. जुनी पाने मऊ पडतात, सुरकुततात, फट रुंदावते, आतून नवा माथा डोकावतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत जुन्या पानांचा कागदासारखा पापुद्रा उरतो. नेमक्या याच काळात सुरकुत्या पाहून माणसाचा जीव कळवळतो आणि तो पाणी घालतो. मग जुनी पाने पुन्हा भरतात, आटायचे थांबतात, नवी जोडी त्यांच्यात आवळली जाते. पुढच्या वर्षी तिच्यावर आणखी एक. एकावर एक दोन-तीन जोड्या चढलेले, वेडेवाकडे लिथॉप्स दुकानात दिसले तर ते ‘दुर्मीळ प्रकार’ नव्हे, चुकीच्या वेळी पाणी मिळालेले रोप आहे. पाणी फारच झाले तर पानाची कड उभी चिरते.

म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी पूर्ण बंद. चमचाभरही नाही. जुनी पाने हाताने सोलूही नयेत. पापुद्रा करकरीत वाळला आणि बोट लावताच सुटू लागला तरच काढावा, नाहीतर राहू द्यावा.

पापुद्रा वाळल्यावर, बहुधा मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, पहिले पाणी. १० सेंटीमीटर तोंडाच्या कुंडीला १०० ते १५० मिलिलिटर, खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत, संध्याकाळी. त्यानंतर कुंडी तळापर्यंत कोरडी होऊ द्यावी आणि पानाच्या बाजूला बारीक सुरकुती दिसली तरच पुढचे पाणी. पाणी देऊन दोन दिवसांत सुरकुती भरून निघाली तर मुळे काम करत आहेत असे समजावे. आठवडा उलटूनही भरली नाही तर मुळे मेलेली आहेत. अशा वेळी आणखी पाणी ओतणे म्हणजे रोपाचा शेवट. कुंडीचा तळ कोरडा आहे की नाही हे पाहायला अगरबत्ती जळून उरलेली बांबूची काडी पुरते. कडेने तळापर्यंत खुपसावी, दहा मिनिटांनी काढावी. काडी गार किंवा गडद लागली तर थांबावे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर आणखी सोपे: कोरड्या कुंडीचे वजन तिच्यावरच पेन्सिलीने लिहून ठेवावे आणि वजन तिथवर उतरल्याशिवाय पाण्याला हात लावू नये.

एप्रिलच्या मध्यापासून उन्हाळा. घाटावर दुपारी ४० अंश, विदर्भात त्याहून वर. लिथॉप्स या दिवसांत जवळपास थांबलेले असते. पूर्ण कोरडे ठेवले तर तंतुमुळे वाळतात आणि पुढे पाणी घेता येत नाही. भरपूर दिले तर तापलेल्या ओल्या कुंडीत मूळ शिजते. तोडगा म्हणजे तीन आठवड्यांतून एकदा, सूर्य मावळल्यावर, कुंडीच्या कडेने दोन-तीन चमचे पाणी.

जून ते सप्टेंबर हा आपल्याकडचा खरा परीक्षेचा काळ, आणि परदेशी पुस्तिकांत त्याबद्दल ओळही सापडत नाही. तिथले ‘उन्हाळ्यात विश्रांती’ हे वाक्य कोरड्या हवेला धरून लिहिलेले असते. आपल्याकडे हवेत ८०-९० टक्के आर्द्रता, आठ-आठ दिवस ऊन नाही, रात्रही गार नाही. या गटातली रोपे पर्णरंध्रे प्रामुख्याने रात्री उघडतात, तेव्हाच हवेतला कर्बवायू घेतात आणि रात्र जितकी गार तितके हे काम नीट चालते. कोकणात पावसाळी रात्री पारा २४-२५ अंशांखाली क्वचितच उतरतो. रोप नुसते बसून राहते आणि ओल मात्र मुळांशी साचते. म्हणून कुंडी पावसाच्या थेंबाबाहेर, पण बंद खोलीतही नको. पारदर्शक पत्र्याखाली, चारही बाजू मोकळ्या, असे ठिकाण उत्तम. घरात ठेवायचे तर खिडकीशी, दिवसाचे काही तास छोटा पंखा लावून. शरीर टणक असेल तर चार महिने पाणी नाही दिले तरी बिघडत नाही. माथा खोल बसलेला दिसला तर पावसाने दोन-तीन दिवस उघडीप दिल्यावर दोन चमचे, बस्स.

मग ऑक्टोबर येतो आणि रोप जागे होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दोन पाण्यांत कुंडी पूर्ण वाळवून, पोटभर पाणी द्यावे. साधारण दर पंधरा-वीस दिवसांनी वेळ येते. पुण्या-नाशिककडे रात्री गार होऊ लागल्या की फटीतून कळी वर येते.

बोअरवेलचे जड पाणी असेल तर खड्यांवर पांढरा क्षार जमतो आणि मुळांभोवतीही तेच होते. पावसाचे पाणी दोन-चार बाटल्या भरून ठेवावे. एका कुंडीला वर्षभरात एक-दीड लिटरच्या वर पाणी लागत नाही.

यादीतल्या ‘सावलीतही चालते’ या वाक्याबद्दल. लिथॉप्सला रोज किमान चार-पाच तास थेट ऊन लागते, सकाळचे असेल तर फार चांगले. ते नसेल तर शरीर लांबते, एका बाजूला झुकते, माथ्याचे रंग जाऊन सगळे हिरवट होते. लांबलेले शरीर पुन्हा आखूड होत नाही. पुढच्या पानबदलापर्यंत थांबावे लागते. कचेरीतल्या वातानुकूलित खोलीत छतावरच्या दिव्याखाली हे रोप जगत नाही, हळूहळू मरते, आणि मरायला सहा महिने घेत असल्यामुळे ‘चालते’ असे वाटते.

खिडकी निवडतानाही आपला अक्षांश लक्षात घ्यावा. मुंबई-पुण्यात शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन शिरतच नाही. तीच खिडकी डिसेंबरात खोलवर उन्हाने भरते. ज्यांच्याकडे पूर्वेची बाल्कनी आहे त्यांना कुंडी हलवत बसावे लागत नाही. गच्चीवर एप्रिल-मेमध्ये सकाळी अकरानंतर ५० टक्क्यांची हिरवी जाळी हवीच. दुकानाच्या सावलीतून आणलेले रोप एकदम उन्हात ठेवले तर माथ्यावर पांढरट-तपकिरी भाजल्याचा डाग पडतो. दोन आठवड्यांत रोज थोडे थोडे ऊन वाढवावे. पावसाळ्यात खिडकी अंधारी असेल तर ६५०० केल्विनची २० वॅटची साधी एलईडी ट्यूब माथ्यापासून १५-२० सेंटीमीटरवर, रोज बारा तास. जांभळ्या ‘ग्रो लाइट’चे पैसे वाचवावेत.

माती म्हणावी असे कुंडीत फार थोडे असते. आठ वाट्यांचे मिश्रण करायचे तर चार वाट्या ३ ते ५ मिलिमीटरचे प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) किंवा विटांचे तुकडे, तीन वाट्या २-३ मिलिमीटरची जाडी वाळू किंवा धुतलेला मुरूम, आणि एक वाटी चाळलेली लाल माती. वीट फोडताना तिला प्लास्टर किंवा सिमेंट चिकटलेले नसावे. माती सोडून बाकी सगळे आधी गव्हाच्या चाळणीवर चाळून खाली पडणारी पूड टाकून द्यावी, मग पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावे. बांधकामाची क्रश सँड स्वस्त असते, पण तिच्यातली दगडाची भुकटी काढली नाही तर ती तळाशी बसून सिमेंटसारखी आवळते. समुद्राकाठची वाळू क्षारामुळे बाद. काळी माती तर चिमूटभरही नको. ती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि मुळे तोडते. गांडूळ खत, शेणखत, कोकोपीट यांपैकी काहीही नको. मिश्रण बरोबर जमले की नाही हे तपासायचे तर भरलेल्या कुंडीवर पेलाभर पाणी ओतावे. ते वर तळे न करता लगेच खाली यायला हवे.

कुंडी १० ते १२ सेंटीमीटर खोल, कारण सोटमूळ खाली जाते. पसरट बशीसारखी भांडी दिसायला छान, रोपाला वाईट. कोकणात मातीची कुंडी, कारण ती लवकर वाळते. नागपूर-अकोल्याकडे फिकट रंगाची प्लास्टिकची, कारण मातीची कुंडी उन्हात फार लवकर वाळते. भोक नसलेल्या काचेच्या वाडग्यात मात्र दोन्हीकडे सारखाच निकाल लागतो.

ऑनलाइन मागवलेले रोप बहुधा कोकोपीटच्या गोळ्यात येते. तसेच्या तसे नव्या मिश्रणात लावू नका. तो गोळा मधोमध ओल धरून ठेवतो आणि एकदा पूर्ण वाळला तर पाणी आत घेतच नाही. गोळा कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून सुटा करावा, मुळे धुवावीत, सोटमूळ फार लांब असेल तर २-३ सेंटीमीटर ठेवून स्वच्छ पात्याने छाटावे, आणि रोप वर्तमानपत्रावर सावलीत तीन-चार दिवस उघडे ठेवावे. मग कोरड्या मिश्रणात लावावे. मूळ आणि शरीर जिथे मिळते ती मान पृष्ठभागाजवळ, शरीराचा निम्मा-अधिक भाग वर. रानातल्यासारखे माथ्यापर्यंत पुरणे आपल्या दमट हवेत धोक्याचे. मानेभोवती बोटाच्या पेराएवढा बारीक खड्यांचा कोरडा थर द्यावा. पहिले पाणी आठवड्यानंतर. कुंडी बदलण्याचे काम ऑक्टोबरात किंवा मार्चच्या सुरुवातीला करावे. पावसाळ्यात अजिबात नाही.

खताबद्दल वाद घालण्यासारखे फारसे नाही. द्राक्षबागाईतदार वापरतात ते ०:५२:३४, म्हणजे नत्र नसलेले, स्फुरद-पालाशाचे खत, कृषी सेवा केंद्रात मिळते. लिटरला पाव ग्रॅम, ऑक्टोबरात एकदा आणि मार्चमध्ये एकदा. नत्र जास्त असलेले काहीही दिले की शरीर फुगते आणि फुटते.

रोप मऊ लागले की कुजले असे नव्हे. बाहेरची जोडी सारखी मऊ आणि फटीत घट्ट नवा माथा, म्हणजे पानबदल चालू आहे. मानेशी पाणचट, पिवळे-तपकिरी, बोटाने दाबता आत जाते आणि वास येतो, म्हणजे कुजले. तिथून रोप वाचत नाही. नुसते मूळ सडले असेल आणि मान पांढरी-कोरडी असेल तर आशा आहे: निरोगी पांढरा भाग लागेपर्यंत कापावे, गंधकाची पूड लावावी, आठ दिवस सावलीत वाळवावे, मग कोरड्या प्युमिसवर टेकवून ठेवावे. काही आठवड्यांत नवी मुळे फुटू शकतात. एकच पान तोडून लावणे मात्र व्यर्थ. पानफुटीसारखा प्रकार इथे नाही.

पिठ्या ढेकूण फटीत आणि मुळांवर, दोन्हीकडे लपतो. फटीतला कापसाच्या काडीने, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, संध्याकाळी काढावा. मुळांवरचा दिसत नाही. पाणी देऊनही रोप भरत नसेल किंवा कुंडीभोवती मुंग्या फिरत असतील तर रोप उपसून पाहावे. मुळांवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर मुळे धुऊन, मिश्रण फेकून, इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के हे कीटकनाशक लिटरला अर्धा मिलिलिटर, हातमोजे घालून. हेच औषध लाल कोळ्यावर मात्र चालत नाही, कारण कोळी हा कीटक नाही. माथ्यावर खरखरीत, चंदेरी-भुरकट ओरखडे उमटले तर कोळी समजावा आणि पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम, ऊन उतरल्यावर, ३० अंशांच्या आतल्या तापमानात फवारावे. पावसाळ्यात गोगलगाय, उन्हाळ्यात खार आणि पक्षी: पाण्याने भरलेला हा गोळा सगळ्यांनाच हवा असतो. जाळीचे झाकण हाच उपाय.

कोणती जात घ्यावी? नवख्याने ‘ऑकॅम्पिए’ आणि ‘लेस्लीआय’ यांपासून सुरुवात करावी. दोन्ही तपकिरी छटांच्या, पिवळ्या फुलांच्या, आणि त्यांच्या मायभूमीत पाऊस उन्हाळ्यातच पडतो. त्यामुळे आपले हवामान त्या बऱ्यापैकी सोसतात. करड्या माथ्याची, पांढऱ्या फुलांची ‘सॅलिकोला’ही चुका पोटात घालते. लालभडक ‘ऑप्टिका रुब्रा’ छायाचित्रात मोहक, पण ती नामिबियाच्या हिवाळी पावसाच्या किनारपट्टीची. मुंबईत तिच्यावर पैसे घालू नयेत. ‘लिथॉप्स’ म्हणून विकले जाणारे, मोठे, हिरवट-करडे, ठिपक्याठिपक्यांचे आणि एकाच वेळी चार पाने दिसणारे रोप बहुतेक वेळा प्लियोस्पिलॉस असते. ते याच कुळातले आहे, पण लिथॉप्स नव्हे. आणि ज्यांच्या घरात थेट ऊनच येत नाही, त्यांनी हट्ट न करता हॉवर्थिया घ्यावी. तीही दक्षिण आफ्रिकेचीच, दिसायला कमी नाही, आणि उजेडाच्या खिडकीत वर्षानुवर्षे राहते.

फूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी येते, दुपारी उमलते, संध्याकाळी मिटते, असे काही दिवस चालते. बी हवे असेल तर एकाच जातीची, वेगवेगळ्या बियांपासून झालेली दोन रोपे एकाच वेळी फुललेली लागतात. स्वतःच्या परागांनी फळ धरत नाही. सुकलेल्या बोंडावर पाण्याचा थेंब टाकला की ते उघडते आणि बी ड्रॉपरने उचलता येते. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बारीक चाळलेल्या मिश्रणावर, वरून माती न टाकता. झिप पिशवीत कुंडी ठेवून, उजेडात पण उन्हाबाहेर. पाच ते पंधरा दिवसांत उगवते. तिसऱ्या आठवड्यापासून पिशवी रोज थोडी अधिक उघडावी, नाहीतर रोपटी बुरशीने एका रात्रीत आडवी होतात. मोठ्या रोपाचे पाण्याचे नियम पहिल्या वर्षी लागू नाहीत. वरचा थर पूर्ण वाळू न देता बारीक फवाऱ्याने ओलावा ठेवावा.

आता थोडे फसवणुकीबद्दल. निळ्या, जांभळ्या, इंद्रधनुषी लिथॉप्सचे बी शंभर-दोनशे रुपयांत विकले जाते. निळे लिथॉप्स नसते. ती रंगवलेली छायाचित्रे आहेत. खरे बी खसखशीहूनही बारीक, तपकिरी पूड वाटावी असे असते. पाकिटातून मोहरीएवढे दाणे निघाले तर ते पेरण्याचे कष्टसुद्धा घेऊ नका. डेसमंड आणि नॉरीन कोल या दांपत्याने रानातल्या सुमारे चारशे वसाहतींना क्रमांक दिले. चांगले बीविक्रेते जातीच्या नावापुढे हा ‘सी’ क्रमांक लिहितात. परदेशातून साध्या टपालाने आलेले बी मात्र, क्रमांक असला तरी, प्लँट क्वारंटाइन आदेश, २००३ नुसार आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बेकायदा ठरते. देशातच बियांपासून वाढवलेली रोपे आता पुरेशी मिळतात.

रानातून उपटलेली रोपेही बाजारात येतात. २०१९ नंतर दक्षिण आफ्रिकेत याच कुळातल्या कोनोफायटमची चोरटी खोदाई मोठ्या प्रमाणावर वाढली आणि तिथल्या कित्येक वसाहती उजाड झाल्या. ओळखण्याची खूण अशी: माथा ओरखडलेला, उन्हापावसाने झिजलेला, मानेशी जुन्या पापुद्र्यांचे अनेक थर, जाड लाकडी मूळ वर कापलेले आणि ताजी तंतुमुळे नाहीत. बियांपासूनची रोपे एकसारखी, गुळगुळीत आणि बहुधा दोन-तीन सेंटीमीटरच्या आतली असतात. यापुढे यादी छापताना घेणाऱ्याने विक्रेत्याला कोणता प्रश्न विचारावा हेही छापावे: रोप बियांपासूनचे आहे का, आणि कोणत्या वर्षी पेरलेले? ज्याने ते स्वतः वाढवले आहे तो पेरणीचे वर्ष लगेच सांगतो.

आपला,
एक वाचक, पुणे